डॅशबोर्डवरचा न लागणारा दिवा

११ जून

प्रिय वहिनी,

गाडी पोचली. दादाने स्वतः आणून दारात उभी केली, किल्ली मास्तरांच्या हातात ठेवली आणि शेजारच्या चार माणसांदेखत भाषण ठोकलं, "बहिणीच्या अडचणीला भाऊ नाही तर कोण धावणार?" शेजारच्या काकूंनी तर डोळ्यांना पदर लावला. माझेही डोळे भरले, खोटं कशाला सांगू? आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचं, वीस किलोमीटर जाणं आणि वीस येणं. परतताना बसमध्ये नवऱ्याला दांडीला धरून उभं राहिलेलं बघवत नव्हतं. शाळा सोडून चार वर्षं झाली तरी मास्तरांचा ताठा तसाच, कुणी जागा दिली तरी बसायचे नाहीत.

आता खरं सांगते, रागावू नकोस. दादा बसस्टॉपकडे वळला, मी गाडीचं दार उघडलं आणि तसंच लावून घेतलं. काय तो वास! ओला टॉवेल पंधरा दिवस बादलीत विसरावा, तसा. नाकाला फडकं बांधून आत शिरले. सीटखाली हात घातला तर कापलेली नखं हाताला लागली, चांगली मूठभर. दादा सिग्नलला थांबून नखं कापतो का ग? डोकं टेकायच्या उशीवर तेलाचा थर असा, की खरवडला तर नखात येतो. (खरवडला. आला.) मागे कधीतरी दूध सांडून गालिच्यात कुजलं होतं, त्यात पांढरं काहीतरी वळवळत होतं. मी नळापाशी जाऊन ओकले. कॉलरला डाग दिसला की तुला दोन दिवस ऐकवणारा हाच ना तो माणूस?

असो. तीन दिवस घासतेय. आता कामाचं. डिकीत गाडीचं पुस्तक सापडलं, ते मी परीक्षेसारखं वाचलं. तरी काही अडतंय. समोरच्या काचेवर वाफ धरते, ती घालवायचं बटण कुठलं? हॉर्न मधोमध दाबला तर वाजत नाही, डाव्या कोपऱ्यात अंगठा रुतवावा लागतो. मास्तरांच्या बाजूचा सीटबेल्ट ओढला तर येतच नाही. आणि पुस्तकात म्हटलंय की किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा क्षणभर लागतो आणि विझतो. आमच्याकडे तो मुळात लागतच नाही. काही बिघाड नाही ना? दादाला विचारून कळव. फोनवर तो मला बोलूच देत नाही.

तुझी,
पन्नाशीला टेकलेली चिमणी

•

१९ जून

प्रिय चिमणे,

तुझं पत्र वाचून कानकोंडी झाले. गाडी धुऊन द्यायला हवी होती, मी म्हटलंही होतं. "घासूनपुसून द्यायला ती काय नवरी आहे?" असं म्हणाले हे. मला गाडीत फारसं बसूच देत नाहीत, त्यामुळे आत काय चाललंय ते ठाऊक नव्हतं. नखांचं वाचलं आणि त्या दिवशी ह्यांच्या शेजारी बसून जेवण गेलं नाही.

वाफेचं बटण एसीच्या गोल खटक्याच्या उजवीकडे आहे, पंख्यासारखं चित्र असलेलं. ते दाबलंस की एसीही चालू ठेव, काच लवकर निवळते. वासासाठी समोरचा कप्पा पूर्ण उघडून बाजूचे दोन खटके दाब, कप्पा खाली येईल. मागे हवेची जाळी असते, ती बदल. बाहेर काढताना तोंड दुसरीकडे ठेव. हे मला आमच्या वाचनालयात येणाऱ्या एका ड्रायव्हरने सांगितलं. बेल्ट झटका न देता हळू ओढून बघ. हॉर्नचं ह्यांना विचारलं, म्हणाले जुन्या गाडीत एवढं चालायचंच.

दिव्याचंही विचारलं. बल्ब गेला असेल म्हणाले.

गाडी पुढून नवी दिसते ना? मागच्या वर्षी रंग काढून घेतला होता. कुठेसा दगड लागला होता.

मास्तरांना जप.

तुझी,
वहिनी

•

२ जुलै

प्रिय वहिनी,

जाळी काढली. तोंड दुसरीकडे ठेवायचं विसरले. आत उंदराचं घरटं निघालं, मायलेकरांसकट, आणि सगळे केव्हाचेच वाळलेले. म्हणजे इतके दिवस एसी लावून आम्ही मेलेल्या उंदरांवरून आलेली हवा खात होतो! मास्तर म्हणाले, "माझं रक्त मशीन गाळतं, तुझं कोण गाळणार?" आणि स्वतःच खोकेपर्यंत हसले. मी त्या दिवशी तीनदा आंघोळ केली तरी अंगाला काहीतरी चिकटल्यासारखं वाटत होतं.

तुझं वाफेचं बटण मात्र अचूक. बेल्ट हळू ओढला, जोरात ओढला, गोड बोलून ओढला. येत नाही. मास्तर तो नुसता खांद्यावर धरून बसतात, पोलीस दिसला की छाती काढून.

वहिनी, ब्रेकचा पाय मऊ लागतो. दाबला की खाली, आणखी खाली जातो आणि मग कुठे गाडी थांबते. ब्रेक ऑइलचं झाकण उघडलं तर आत काळं पाणी. पुस्तकात म्हटलंय, दोन वर्षांनी बदला. कधी बदललं होतं?

दादाला हेच विचारायला फोन केला, तर उसळलाच. म्हणाला, "धर्माची गाय अन् दात का नाय! फुकट गाडी दिली तर तपासणी करत बसलीस." बहीण म्हणून मी काय धर्मादायाच्या रांगेत उभी होते का? फोन ठेवला. किल्ली मास्तरांच्या हातात ठेवतानाचा त्याचा चेहरा आठवला, आणि तो चेहराही मला उंदरांच्या घरट्यासारखा वाटला.

तुझी,
चिमणी

•

१० जुलै

चिमणे,

घाईत लिहितेय. तुझं पत्र माझ्याआधी ह्यांनी उघडलं. यापुढे वाचनालयाच्या पत्त्यावर लिही.

गाडी दाखवून घे. चांगल्या माणसाला दाखव, ह्यांच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये नको. ब्रेक आणि बाकी सगळंही. तोवर मास्तरांना मागे बसव.

जास्त विचारू नकोस. पण नक्की दाखव.

वहिनी

•

२५ जुलै

वहिनी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला हसू आलं होतं. म्हटलं, वहिनी नेहमीसारखी घाबरली. "दाखवून घेऊ पुढच्या आठवड्यात" असं मी म्हणाले, आणि मास्तर काही मागे बसेनात. "मी काय सामान आहे?" म्हणाले.

मंगळवारी हॉस्पिटलच्या उतारावरून गाडी लावायला वळत होते. ब्रेक दाबला. पाय तळाला गेला, गाडी चालतच राहिली. हँडब्रेक ओढला तरी समोरच्या भिंतीवर गेलीच. वेग काही नव्हता. पण मास्तरांच्या अंगावर बेल्ट नव्हता. त्यांचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. पाच टाके पडले. रक्त पातळ करायचं औषध चालू असतं त्यांना, तुला माहीत आहे. ते थांबेना. माझ्या ओढणीचा बोळा करून दाबून धरला होता, तोही भिजला. दोन दिवस ठेवून घेतलं. आता घरी आहेत.

गाडी ओढून गॅरेजला नेली. तिथले चष्मेवाले, साठीचा माणूस, कमी बोलणारा. त्यांनी किल्ली फिरवली, डॅशबोर्डकडे बघत राहिले, मग मला विचारलं, "ही गाडी कोणी दिली तुम्हाला?"

"भावाने."

"सख्ख्या?"

मी हो म्हटलं. त्यांनी मास्तर बसतात तिथलं समोरचं झाकण उचकटलं. ते नुसतं चिकटवलेलं होतं. आत एअरबॅग नव्हती, वहिनी. आत कापड होतं. दाबलं तर पोकळ लागू नये म्हणून कोंबलेलं. स्टिअरिंगचं झाकण कोपऱ्यातून उचलून दाखवलं, तिथेही तेच. म्हणून हॉर्न मधोमध वाजत नव्हता. दिव्यावर मागून काळी पट्टी लावलेली. बेल्टही म्हणे मोठ्या धडकेत एकदा आवळला की तसाच अडकून बसतो, बदलावा लागतो. चष्मेवाले सरळ माणूस. म्हणाले, "परवाच्या एवढ्याशा धडकेत एअरबॅग असती तरी उघडली नसती. ब्रेक ऑइलमुळे झालं ते. पण हमरस्त्यावर काही झालं असतं तर तुम्ही दोघं चिंध्यांवर आपटला असता."

त्यांनी कापड बाहेर ओढलं. निळ्या होड्यांचा पडदा. माहेरच्या मागच्या खोलीतला. माझ्या लग्नाच्या वर्षी तू आणि मी मशिनवर शिवला होता, कडेची शिलाई माझी, तिरकी गेलेली. तू म्हणाली होतीस, राहू दे, कोण बघतंय.

मी तिथेच खाली बसले. उंदरांनी आली नव्हती अशी शिसारी आली.

एकच विचारते. तुला माहीत होतं का?

चिमणी

•

३० जुलै

चिमणे,

सगळं लिहिते. वाचून फाडून टाक किंवा ठेव.

मागच्या वर्षी ह्यांनी गाडी झाडावर घातली. फोनवर बोलत होते. घरी आले तेव्हा शर्टवर पांढरी पूड आणि हात भाजल्यासारखा लाल. एअरबॅग उघडली म्हणून वाचलो, हे मला त्यांनीच सांगितलं, वर मला दोन दिवस देवाचे आभार मानायला लावले. दगड लागल्याचं मी तुला लिहिलं ते खोटं.

पंधरा दिवसांनी गाडी रंगवून आली. त्याआधी एकदा म्हणाले, जाडसं जुनं कापड दे, गॅरेजला पुसायला लागतं. मी पडदा दिला. कशासाठी ते ठाऊक नव्हतं, एवढं मात्र खरं मान. पण दिवा लागत नाही हे मी तेव्हाच पाहिलं होतं. विचारलं, "नव्या पिशव्या बसवल्या ना?" "तुला गाडीतलं काय कळतं?" एवढंच उत्तर. मी गप्प बसले. तुला गाडी द्यायचं ठरलं त्या सकाळी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर, आणि मी पुन्हा गप्प. गाडी कागदोपत्री माझ्या नावावर आहे. तुला वापरायला दिल्याच्या पत्रावर सही माझी आहे. तुझं दिव्याचं पत्र आलं तेव्हाही मी "बल्ब" लिहिलं. लिहिताना हात थांबला होता, तरी लिहिलं.

म्हणजे माहीत होतं का? विचारलं असतं तर कळलं असतं, इतकं माहीत होतं. स्वतःचीच किळस येते. चूळ भरली तरी जात नाही.

टाक्यांचं वाचलं आणि पत्र घेऊन तुझ्या दादासमोर उभी राहिले. पडद्याचं विचारलं. लाज वाटेल असं वाटलं होतं. तो टूथपिकने दात कोरत होता. म्हणाला, "दोन्ही पिशव्या, बेल्ट, आतली यंत्रं, सगळं नवीन घालून गाडी फुकट द्यायची का? आणि ती जाणार कुठे, दवाखान्यात आणि घरी." मी म्हटलं, मास्तर समोर बसतात. त्यावर आणखी एक वाक्य बोलला. ते मी लिहिणार नाही.

मी तुला तोंड दाखवायच्या लायकीची नाही.

वहिनी

•

८ ऑगस्ट

वहिनी,

दादा काल येऊन गाडी घेऊन गेला. ब्रेक मी दुरुस्त करून घेतले होते, म्हटलं रस्त्यावर आणखी कुणाला मारायला नको. टाके बघून म्हणाला, "थोडक्यात निभावलं." मास्तरांनी त्याला पाणी दिलं. मी दिलं नसतं. पाणी पिऊन ग्लास पायाशी ठेवला आणि मला म्हणाला, "आभार मानायचे सोडून बोभाटा केलास." मी दार उघडून उभी राहिले. तो गेल्यावर तो ग्लास फेकून दिला.

तुझं पत्र मास्तरांना वाचून दाखवलं. तू न लिहिलेल्या वाक्यापाशी मी थांबले. मास्तर म्हणाले, "मी सांगू काय म्हणाला असेल? ह्याचे असेही किती दिवस राहिलेत." शांतपणे म्हणाले, गणितातलं उदाहरण सोडवल्यासारखं. मग हसले. हेच बोलला होता ना? नाही असं लिहू नकोस. खोटं आता पुरे.

तुझ्याबद्दल. इतकी वर्षं मी तुला भाबडी समजत होते. तू भाबडी नाहीस, घाबरट आहेस. भाबड्या माणसाचा राग येत नाही. तुझा येतो. दादाचा राग येत नाही, त्याची फक्त घाण वाटते, कुजलेल्या दुधासारखी.

इतक्यात लिहू नकोस.

चिमणी

•

२१ ऑगस्ट

चिमणे,

लिहू नकोस म्हणाली होतीस तरी लिहितेय. हो. हेच बोलला होता.

रविवारी त्याने गाडी धुऊन, उचकटलेलं झाकण पुन्हा चिकटवून, सुवास फवारून अंगणात उभी केली. बालवाडीच्या एक बाई बघायला आल्या, सोबत त्यांची म्हातारी आई. आईला गुडघ्याने चालवत नाही, म्हणून गाडी हवी. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तो एकेक दाखवत होता, हे वायपर, हा एसी, एका बटणावर चारी दारं बंद. "बहिणीकडे होती हो गाडी, घरातलीच आहे," म्हणाला. तुझं नाव वापरून! बाईंना स्टिअरिंगपाशी आणि आईला शेजारच्या सीटवर बसवून समोरच्या झाकणावर थाप मारली, "आणि इथे एअरबॅग. आई पुढे बसल्या तरी काळजी नको."

त्या थापेच्या आवाजासरशी मी गॅस बंद केला. स्क्रू ड्रायव्हर घेऊन बाहेर गेले.

"बाई," म्हटलं, "किल्ली फिरवा आणि हा दिवा लागतो का बघा."

तो म्हणाला, "तू आत जा."

बाईंनी किल्ली फिरवली. त्या माझ्याकडे बघत होत्या, दिव्याकडे नाही. मी म्हटलं, "लागायला हवा. लागत नाही, कारण त्याला काळी पट्टी लावलीय." तो हसून म्हणाला, "बायकोला गाडीतलं काही कळत नाही हो." मग मी वाकून स्टिअरिंगच्या झाकणाखाली स्क्रू ड्रायव्हर घातला. पहिल्यांदा तो घसरला, माझ्याच अंगठ्यात घुसला. दुसऱ्यांदा झाकण निघालं. आतलं कापड ओढलं. ते येतच राहिलं, चिमणे. म्हातारीच्या मांडीवर, बाईंच्या हातावर. त्याने माझं मनगट धरलं. मी म्हटलं, "सोडा. नाहीतर मास्तरांबद्दल काय बोललात तेही सांगते." त्याने सोडलं. इतक्या वर्षांत त्याने माझं ऐकलेलं हे पहिलंच.

म्हातारी हळूहळू खाली उतरली. तिने त्याच्याकडे असं बघितलं, जसं आपण चपलेला काय लागलंय ते बघतो.

"चारचौघांत नाक कापलंस," तो नंतर म्हणाला. आणि अर्ध्या तासाने जेवायला बसला. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ते बघून मला कळलं, ह्या माणसाला आता मी वाढू शकत नाही.

सोमवारी परिवहन कार्यालयात लेखी दिलं, सगळं, माझ्या सहीसकट. गॅरेजचं नावही दिलं. गाडी माझ्या नावावर आहे, म्हणून भंगारात द्यायला त्याची परवानगी लागली नाही. कापताना शेवटपर्यंत उभी राहिले.

मी आता आमच्या ग्रंथपाल बाईंकडे राहतेय. त्यांच्याकडे जास्तीची एक खोली आहे. परत जाणार नाही. हे तू मला माफ करावंस म्हणून लिहिलेलं नाही.

मास्तर कसे आहेत?

वहिनी

•

२९ ऑगस्ट

वहिनी,

पत्र मास्तरांनी स्वतः वाचलं. दोनदा. अंगठ्याच्या जखमेसाठी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का, असं विचारायला सांगितलंय. नसलं घेतलं तर आजच्या आज घे.

टाके केव्हाच निघाले. कपाळावर वण राहील. हॉस्पिटलची व्हॅन रुग्णांना घरून घेऊन जाते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. चष्मेवाल्यांनी चौकशी करून कळवलं. मंगळवारपासून ती येते. मास्तर त्यात इतरांना हिशेबाची कोडी घालतात, आणि उत्तर चुकलं की रागावतात.

दादाचा फोन आला होता. तुला समजवायला सांगत होता. मी ठेवून दिला. नंतर हात धुतले. का, ते माहीत नाही, फोनच तर होता.

माफ केलं असं लिहायला बसले होते. तीन वेळा लिहिलं आणि खोडलं. अजून केलेलं नाही, वहिनी. तुला खोटं लिहिणार नाही.

पण डायलिसिसला चार तास लागतात. त्या खोलीत औषधाचा वास, मशीनचा एकसारखा आवाज, आणि मास्तर झोपले की मी एकटी भिंतीकडे बघत बसते. मशीनशेजारी दोन खुर्च्या असतात. तुझं वाचनालय गुरुवारी बंद असतं ना? ये. बोललो नाही तरी चालेल.

चिमणी